स्मारकात गेलेला अर्धा ट्रक आणि उरलेल्या अर्ध्याचे ब्रेक

दिनांक : ३ सप्टेंबर

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
नोंदणी व रस्ता सुरक्षा कार्यालय, उत्तर विभाग,
पोर्ट हॅरोल्ड

अर्जदार : क्लॅरेन्स ट्रेगेन्झा, वय ७९, निवृत्त वजनकाटा कारकून, धान्यकोठार, रा. फेरी स्ट्रीट, कॅल्डरटन

विषय : लष्करी ट्रकाच्या मागील भागापासून तयार केलेला राहण्याचा जोडडबा सार्वजनिक रस्त्यावरून २८० मीटर हाताने ढकलत नेण्यास एक तासाची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपली सहा नकारपत्रे. (पैकी चौथे व पाचवे शब्दशः सारखी आहेत.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझी पत्नी नोला हिचा जन्म उत्तरेकडील जुन्या रेल्वेमार्गावर, कर्डीमर्का या थांब्यावर झाला. तिचे वडील रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. ती गाडी बंद होऊन कित्येक वर्षे झाली, पण तो थांबा पुन्हा एकदा पाहावा एवढी एकच इच्छा तिने आमच्या बावन्न वर्षांच्या संसारात बोलून दाखवली, तीही गेल्या वर्षी, फुप्फुसांचा आजार बळावल्यावर. डिसेंबरमधला उन्हाळा लागण्यापूर्वी जाऊन या, नंतर जमणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तिची चाकाची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र आणि आडवे पडण्याची जागा हे सर्व बाजारातल्या डब्यात मावेना. म्हणून आमच्या गावच्या म्हाताऱ्यांच्या शेडने (जेथे आम्ही निवृत्त पुरुष मंगळवारी व गुरुवारी एकत्र येऊन लाकूडकाम, लोखंडकाम आणि मुख्यतः चहा करतो) लष्कराच्या लिलावातून १९६४ सालचा एक ट्रक घेतला. त्याचे इंजिन मेलेले होते. तेव्हा ट्रक चालकाच्या खोलीमागे कापावा, मागच्या भागाला ओढदांडा जोडावा व माझ्या गाडीमागे तो न्यावा, असे ठरले.

ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आमची चूक आधीच कबूल करतो. कापलेला पुढचा भाग भंगारात देणे आमच्या जिवावर आले. तो आम्ही घासूनपुसून, हिरवा रंग देऊन माजी सैनिकांच्या सभागृहाला भेट दिला. त्यांनी तो एप्रिलमधल्या पहाटेच्या मानवंदनेआधी सभागृहासमोर काँक्रीटमध्ये पक्का बसवला. समारंभ फार चांगला झाला. बिगूल वाजला, सगळे रडले, नंतर सगळ्यांनी रम घातलेली कॉफी घेतली. चासीचा क्रमांक व पितळी पट्टी ही दोन्ही पुढच्या भागावर आहेत, हे त्या दिवशी आमच्या अकरा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. मी जन्मभर वजनकाट्यावर गाड्यांचे क्रमांक लिहिले. मला तरी यायला हवे होते.

आता ब्रेकविषयी. ते काम श्री. लिंडसे पेंगेली यांनी केले, ज्यांनी चाळीस वर्षे रेल्वेच्या वर्कशॉपात ब्रेक बसवले. जुने ड्रम उघडून त्यांनी आतले अस्तर बदलले. ओढणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबताच डब्याच्या चारही चाकांना विजेवर ब्रेक लागतो. जोड तुटलीच तर डब्यातल्या स्वतंत्र बॅटरीवर ब्रेक आपोआप आवळले जातात. हाताने आवळायचा दांडा वेगळा आहे. धान्यकोठाराच्या खासगी आवारात आम्ही डबा गव्हाच्या पोत्यांनी भरून बावीस वेळा पळवला व थांबवला. शेवटच्या खेपेस फळीवर चहाचा भरलेला कप ठेवला होता. चहा बशीत सांडला, बशीबाहेर नाही. हा पुरावा म्हणून आपण ग्राह्य धरला नाहीत, ते मी समजू शकतो.

परंतु ब्रेक तपासायला डबा आपल्या केंद्रावर आणावा लागतो. केंद्र एकशे चाळीस किलोमीटरवर. रस्त्यावर आणायला तात्पुरता परवाना लागतो, परवान्याला ब्रेकचा दाखला लागतो, आणि दाखला केंद्रावरच मिळतो. याबाबत मी आपल्या खिडकीवर विचारणा केली असता तेथील बाई अत्यंत प्रेमाने म्हणाल्या, “अहो, ब्रेक चांगले आहेत हे मी डोळे झाकून मानते. पण कोणाचे ब्रेक? कागदावर तुमची गाडीच नाही ना!” हे मी शेडवर सांगितले तेव्हा लिंडसे हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, “चाळीस वर्षं मालगाड्या थांबवल्या रे मी. कागद थांबवायचं काही शिकलो नाही.” त्यानंतर ते दोन मंगळवार शेडवर आले नाहीत.

आपल्या तिसऱ्या पत्रानुसार क्रमांकासह पुढचा भाग तपासणीस हजर करायचा होता. मी सैनिक सभागृहाचे अध्यक्ष डग ॲशविन यांना भेटलो. ते म्हणाले, “क्लॅरी, नोलासाठी मी स्वतः घण घेऊन ते काँक्रीट फोडलं असतं. पण आता त्यावर युद्धात गेलेल्या सतरा जणांची नावं कोरलीत. तिच्या भावाचं चौथं आहे. तूच सांग, कुठून फोडू?” नगरपरिषदेकडे चौकशी केली असता, स्मारक हलवण्याच्या मंजुरीस अठरा महिने लागतात असे कळले.

यावर मी विनंती केली की, आपण स्मारकापाशी येऊन क्रमांक पाहावा व तेथून चारशे मीटरवरील शेडमध्ये येऊन डबा पाहावा. आपले उत्तर : दोन्ही भाग एकाच वेळी दिसले पाहिजेत. मी लिहिले, दोन अधिकारी पाठवावेत, एक इथे उभा राहील, एक तिथे. आपले उत्तर : उत्तर विभागात अधिकारी एकच आहे. महोदय, तो एक अधिकारी आपणच आहात हे मला नंतर समजले. एकट्याने एवढा मुलूख सांभाळणे सोपे नाही, आणि माझा राग आपल्यावर नाही. खरे सांगायचे तर राग धरायला मला वेळच उरलेला नाही.

कारण गेल्या मंगळवारपासून नोलाला उठवून बसवता येत नाही. प्रवासाचा विषय संपला, असे परिचारिकेने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितले. तरी नोंदणी, तात्पुरता परवाना व एका फेरीची सवलत या माझ्या सर्व मागण्या मी याद्वारे मागे घेत आहे.

आता मागणी एवढीच की, डबा शेडपासून आमच्या परसापर्यंत आणू द्यावा. परसात आल्यावर तिला पलंगासकट उचलून आत निजवता येईल. आत उशीच्या उंचीला खिडकी आहे, ती तिनेच सांगून करवून घेतली होती. हाताने ढकललेला डबादेखील ‘रस्त्यावरील वापर’ ठरतो व दंड डब्याच्या जप्तीसह होतो, असे आपण सहाव्या पत्रात कळवले आहे, म्हणून ही रीतसर परवानगी मागत आहे. ढकलायला आम्ही दहा जण असू. चर्चपाशी थोडा उतार आहे, तेथे ब्रेकच्या दांड्यावर लिंडसे पेंगेली राहतील. वेळ रविवारी सकाळी सात ते आठ. त्या वेळी फेरी स्ट्रीटवर कोणीही नसते.

ही घाई का, तेही नमूद करतो. औषधांमुळे नोलाला वाटते की आम्ही निघालो आहोत. रोज सकाळी ती विचारते, “कुठपर्यंत आलो रे?” आणि मी त्या मार्गावरचे पुढचे स्थानक सांगतो. मग ती तिथे कोण राहायचे, कुणाच्या विहिरीचे पाणी गोड होते, ते सांगते व झोपी जाते. काल मात्र तिने मध्येच डोळे उघडले. “क्लॅरी, डबा हलत कसा नाही? खिडकी कुठाय?” मी म्हणालो, पाणी भरायला थांबलोय.

आपल्या कार्यालयात निर्णयास पंधरा कामकाजाचे दिवस लागतात. कर्डीमर्कापर्यंत माझ्याकडे चार स्थानके उरली आहेत. प्रत्येक ठिकाणी मी दोन दिवस मुक्काम करीन. त्याहून जास्त थांबलो तर तिला कळेल. ती त्या रुळांवर वाढली आहे, तिथे गाडी किती वेळ थांबते हे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आपल्या सहाही उत्तरांबद्दल आभारी व सातव्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
क्लॅरेन्स ट्रेगेन्झा

सोबत : १) ब्रेक चाचण्यांची वही, बावीस नोंदी, लिंडसे पेंगेली यांच्या सहीसह. २) शेड ते परस, हाताने काढलेला नकाशा. ३) स्मारकावरील क्रमांकाचे छायाचित्र (खालची फुले बाजूला सारून काढले, नंतर परत ठेवली).