एक इंच एक सूत

ती. स्व. दादास,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला असं समज. कंबर धरलीये, म्हणून मशीनपुढे बसल्या बसल्याच करतेय. तुझा गुडघा कसा आहे, वहिनीचं डोकं अजून दुखतं का, आणि दुखत नसेल तेव्हा ती तुझं दुखवते का, ते सविस्तर कळव. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. (मजेत नाही आहोत. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते, एवढं चौथीपर्यंत शिकवलं होतं. पुढच्या इयत्तेत मजेत नसल्याचं कसं लिहायचं ते शिकवत असतील, पण तिथवर मी थांबले नाही. तेव्हा आता सुचेल तसं लिहिते.)

आधी तुझी खरडपट्टी काढते, मग कामाचं. ह्या घरात ते ल्यूट नावाचं विलायती वाद्य शिरलं ते तुझ्यामुळे. चारशे वर्षांपूर्वीचं संगीत ऐकायला तू ह्यांना घेऊन गेलास आणि येताना दोघे मेहुणे असा चेहरा करून आलात की मला वाटलं वाटेत कुणी गेल्याचं कळलं. आठवड्याच्या आत दोघांनी एकाच कारागिराकडे जोडीनं दोन ल्यूट सांगितली, एकाच मापाची, एकाच लाकडाची, जुळ्या भावांना एका कापडाचे सदरे शिवावेत तशी. तुझं महिनाभरात भिंतीवर टांगलं गेलं आणि तू सुटलास. आमच्या माणसाचं तसं नाही. एकदा हातात धरलं की सोडत नाहीत. (पुरावा म्हणून मी आहेच, तीस वर्षं झाली.)

तू ते वाद्य खिळ्याला लावून विसरला असशील, म्हणून सांगते की ते काय प्रकरण आहे. पोट अर्ध्या भोपळ्यासारखं, मान वरच्या टोकाला मागे मोडलेली, आणि तारा तेरा. तेरा तारांना तेरा खुंट्या. हवा दमट झाली की खुंट्या फुगतात आणि हलत नाहीत, हवा कोरडी झाली की आपोआप फिरतात. दोन्ही वेळी दोष माझा, कारण एकदा मी भात लावलेला असतो आणि एकदा मी पंखा लावलेला असतो. आमचे हे वजनकाट्यावरचे कारकून. वाळूच्या ट्रकात वीस किलोचा फरक निघाला तर ह्यांना जेवण जात नाही. अशा माणसाच्या हातात तेरा तारा म्हणजे संध्याकाळचे दोन तास नुसतं टुंग टुंग. शेवटची तार लागेपर्यंत पहिली उतरलेली असते, की पुन्हा पहिल्यापासून. वाजवणं म्हणशील तर जेवायच्या आधी सात-आठ मिनिटं. मुलगी दाखवायला तासभर नटवावी आणि पाहुण्यांनी चहा पिऊन उठावं, तशातली गत.

घसरणाऱ्या खुंट्यांना खडू लावायचा असतो असं ह्यांच्या मास्तरांनी सांगितलं. (मास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले, बोट सुजल्यावर वाजवायचं सोडून शिकवायला लागलेले. माणूस बरा आहे, पण आमच्या ल्यूटकडे बघतो ते दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं.) मग माझ्या कापडावर आखायच्या खडूंना पाय फुटले. पांढरा गेला, पिवळा गेला. निळा तेवढा मी गुंड्यांच्या डब्यात बटणांखाली लपवला. आता तो मीच वापरते, आणि कुठे आहे ते फक्त मला माहीत.

दुरुस्तीचं तर विचारूच नकोस. मागच्या थंडीत त्याच्या पाठीची एक जोड उकलली. माझ्या भाषेत शिवण उसवली. मी म्हटलं, फेविकॉल आहे घरात, लावा आणि मोकळे व्हा. तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाळाला खिळे मारायला सांगितले. सरसच हवा, तोही गरम, तोही आत दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर. ते आतलं भांडं म्हणजे माझं दूध तापवायचं पातेलं. चार दिवस घराला मेलेल्या बैलाचा वास येत होता. मग जोड दाबून धरायला ह्यांनी माझं आठ मीटर इलॅस्टिक त्या भोपळ्याभोवती गुंडाळलं आणि त्याला चादर पांघरून आरामखुर्चीत ठेवलं, चोवीस तास हलवायचं नाही म्हणून. खालच्या मजल्यावरच्या बाई घागरा न्यायला आल्या, खुर्चीकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, सासूबाई केव्हा आल्या? मी म्हटलं, कालच, पण त्यांना बोलायचं नाहीये. पाय वाजू न देता गेल्या बिचाऱ्या. घागऱ्याला इलॅस्टिक नव्हतं, ते घरी गेल्यावर कळलं असेल.

आता मुद्द्याचं. इथून नवीन पान घेते, कारण हे पान तू वाचून फाडून टाकायचं आहेस.

साडेतीन आठवड्यांपूर्वी हे कामावर गेले असताना मी ते ल्यूट पुसायला घेतलं. वाईट हेतू नव्हता, धूळ होती. तर त्याच्या मानेवर आठ दोरे बांधलेले असतात, तातीचे, मेंढीच्या आतड्याचे. पडदे म्हणतात त्यांना. कुठल्या पडद्यापाशी तार दाबली त्यावर सूर ठरतो, हे मला आता कळलं. तेव्हा मला इतकंच दिसलं की दोरे वेडेवाकडे अंतरावर आहेत. वरचे लांब लांब, खाली येतील तसे जवळ जवळ. दादा, तीस वर्षं मी काजं करते. सदऱ्यावर दोन काजांमधलं अंतर एका सुतानं चुकलं तर मी आख्खी पट्टी उसवते. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, असलं गबाळं काम मला बघवेना. मला वाटलं घसरले असतील, ह्या माणसाचं लक्ष सुरांवर, वस्तू कुठे आहे ते बघतो कोण. टेप घेतली. वरच्या टोकापासून शेवटच्या दोऱ्यापर्यंत मोजलं, आठानं भागलं, निळ्या खडूनं खुणा केल्या, आणि एकेक दोरा सरकवून बरोब्बर एक इंच एक सुतावर आणला. मान वर निमुळती आहे, त्यामुळे वर सरकवल्यावर दोरे सैल पडले. तर मी ते सोडून पुन्हा बांधले, माझ्या गाठीनं. माझी गाठ सुटत नाही हे तुला माहीत आहे. लांबून बघितलं आणि बरं वाटलं. म्हटलं, आज ह्यांना कळेल व्यवस्थितपणा म्हणजे काय.

संध्याकाळी ह्यांनी तेरा तारा लावल्या. मोकळ्या तारा झकास वाजल्या. मग डाव्या हाताचं बोट ठेवलं, तर सूर खाली. दुसरं ठेवलं, खाली. पुन्हा तारा लावल्या, पुन्हा तेच. ल्यूट भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "माझे कान गेले वाटतं." मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. (कुकर लावलेला नव्हता. शिट्टी शेजारची होती. पण मी उठून गेले.)

त्या दिवशी बोलले असते तर संपलं असतं. दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड, तिसऱ्या दिवशी त्याहून अवघड, आणि चौथ्या दिवशी हे कानाच्या डॉक्टरकडे निघाले. मी बरोबर गेले. मला बाहेर बसवलं आणि ह्यांना काचेच्या खोलीत डोक्याला यंत्र लावून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. काचेतून दिसत होते. शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखे. बाहेर आले आणि म्हणाले, "वयोमान." एवढंच. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी मोठ्यानं बोलत नाही. बहिऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं असतं हे मला समजतं, पण आवाजच निघत नाही. चहा हातात नेऊन देते. काल तर चष्मा पुसून दिला.

आता हे म्हणतात, येत्या रविवारी ल्यूट मास्तरांना देऊन टाकतो, वाजवणाऱ्याच्या घरी राहील. माझं काय जातंय, दोन तासांची टुंग टुंग वाचली, असंच तुला वाटेल आणि मलाही वाटायला हवं होतं. पण साडेतीन आठवडे घर इतकं गप्प आहे की मशीनवर माझा पाय चालत नाही. ती सात-आठ मिनिटं वाजायची ना, तेव्हा पाय आपोआप त्या ठेक्यावर पडायचा आणि शिवण सरळ जायची. आता दोन झबली उसवून झाली. दोरे जागेवर न्यायला गेले, तर जुनी जागा कोणती? नव्या खुणा करताना मी जुने डाग ओल्या फडक्यानं घासून काढले होते. मास्तरांना विचारावं तर ते ल्यूट मिळायची वाट बघत बसलेत. चुकलं माझं, दादा. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

बाकी क्षेम. वहिनीला सांग, तिचा पांढरा झगा तयार आहे, बाह्या मी मनानं आखूड केल्या.

तुझी,
बारकी

ता. क. तुझ्या भिंतीवरचं जुळं खाली काढ. धूळ पुसू नकोस, हात लावू नकोस, वहिनीला तर जवळ येऊ देऊ नकोस. टेप घे (तुझी लोखंडी नको, तुला ती वाचता येत नाही, वहिनीची घे) आणि वरच्या टोकापासून प्रत्येक दोऱ्यापर्यंतचं माप इंच-सुतात लिहून पाठव, आठच्या आठ. शनिवारी सकाळपर्यंत मला मिळायला हवं. हे अर्धा दिवस काट्यावर असतात, तेवढ्यात मी बांधून टाकते. रविवारी सूर लागला की म्हणेन, कानांना विश्रांती मानवली.

दुसरा ता. क. ह्यांना कळलं तर तुझं माझं नातं संपलं. पत्र पोस्टात टाकायला ह्यांच्याकडेच देतेय, कारण माझी कंबर. पाकीट तेवढं चिकटवायला सांगितलंय, गोंद ह्यांच्या टेबलावर असतो.

तिसरा ता. क., हा माझा, म्हणजे तुमच्या मेहुण्याचा.

दादा, सप्रेम नमस्कार. पाकीट चिकटवायला बसलो होतो. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला मान्य आहे.

माझे कान ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी त्याच दिवशी तसं सांगितलं आणि बाहेर घालवलं. वयोमान म्हणालो ते त्यांच्या यंत्राबद्दल. मानेवरच्या निळ्या खुणा मला पहिल्याच संध्याकाळी दिसल्या. निळा खडू आमच्या घरात एकच माणूस वापरतं. मी नुसता थांबलो, की ती आज सांगेल, उद्या सांगेल. तीस वर्षांत तिच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी ऐकलेला नाही. मास्तरांना मी काही देत नाहीये, ते तिला जरा ढोसायला म्हणालो होतो.

मापं अवश्य पाठवा, पण ह्या शनिवारी नको, पुढच्या शनिवारी पाठवा. चहा अजून हातात येतो आहे.

"नवीन पान घेते" म्हटल्यानंतरचा मजकूर माझ्या अक्षरात आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. शब्दाला शब्द उतरवला आहे, तिच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. ते तुम्ही खुशाल फाडा. मूळ पान मी ल्यूटच्या पेटीत ठेवलं आहे.