चौकटीतले सात

प्रिय सुगत,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आक्का, मैत्रीची गणिताची शिकवणी बंद करतो. आपल्या घरात गणित न्हायच. माझ्यावर गेलीया पोरगी." तिसरीतल्या लेकीचा तू निकालच लावून टाकलास. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. ते बोलणं मला फार लागलं. का, ते पुढे लिहिते. आधी बुधवारची गोष्ट ऐक, नाहीतर मला चैन पडायचं नाही.

तिसरीच्या फळ्यावर मी लिहिलं, ८ + ४ = ☐ + ५. संकेश्वरच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलांना हे देऊन बघा. वीसपैकी एकोणीस जणांनी चौकटीत १२ लिहिले. बरोबरचं चिन्ह दिसलं की उत्तर लिहून मोकळं व्हायचं, ही सवय आम्हा शिक्षकांचीच देणगी. पुढच्या ५ कडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. एकट्या आरोहीने ७ लिहिले होते, आणि इतरांचे १२ बघून बिचारी खोडरबर शोधत होती.

कसे आले विचारलं, तर ती पैरा सांगायला लागली. आज तुम्ही आमच्या भांगलणीला, म्हणजे तण काढायला, या, उद्या आम्ही तुमच्या, तोच पैरा. "बाई, त्यांच्यातल्या आठ बायका नि चार गडी आमच्यात आलते. आमच्यातनंबी तेवढीच माणसं जायाला पायजेत. गडी पाच गेले, म्हंजे एक ज्यादा झाला. मग एक बाई घरात ऱ्हाईल." गडी आणि बाई सारखेच मोजले पोरीने, तेही मला आवडलं. पण खरी गंमत पुढे आहे. तिने बेरीज केलीच नव्हती. दोन्ही बाजू एकदम पाहिल्या आणि एक इकडचा तिकडे केला. मोठेपणी ज्याला बीजगणित म्हणतात त्याची सुरुवात हीच रे, आणि ती आठ वर्षांच्या पोरीने रानातून वर्गात आणली.

लगेच लिहिलं, ३८ + १७ = ☐ + १५. मागच्या बाकावरच्या दोघी-तिघी ओरडल्या, "चाळीस, बाई. दोन माणसं तिकडं गेली." मग काय, सगळा वर्ग पैऱ्यावर. मधली सुट्टी झाली तरी कोणी उठेना. नाचायचीच बाकी राहिले होते मी. डबा उघडला, आणि एकदम तुझी वही आठवली.

तू चौथीत होतास, मी डी.एड.ला. ४८ + २६ ला तू थेट ७४ लिहिले होतेस, हातच्याचा पत्ता नव्हता. मी म्हणाले, नक्कल केलीस. तू सांगत होतास, "सव्वीसातलं दोन अठ्ठेचाळीसला दिलं, आक्का." मी ऐकलं नाही. पान फाडलं आणि आप्पांसमोर तुला ढ म्हणाले. शाळेतली बाई होणार म्हणून घरात माझाच शब्द शेवटचा. त्यानंतर तू मला वही कधी दाखवली नाहीस, आणि दहावीला गणितातच अडकलास. सुगत, तू नक्कल केली नव्हतीस. तुझं बरोबर होतं, आणि ते कळण्याइतकं गणित मलाच येत नव्हतं. मला माफ कर. शिकवणी बंद करायची तर कर, पण हे पत्र मैत्रीसमोर मोठ्याने वाच. तिच्या बापाला ढ ठरवणारी बाई चुकली होती, हे तिला त्या बाईच्याच अक्षरात कळू दे.

चुकलेली, पण तुझीच,
आक्का