पुढच्या पंखाची पाचर

पळसदेव,
सोमवार, दुपार

प्रिय राजलक्ष्मी,

पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गोळ्या वेळेवर घेतो आणि जेवणही करतो. दर रविवारी फोनवर तू एवढंच विचारतेस, म्हणून त्याची उत्तरं आधीच देऊन टाकली. आता बाकीचं लिहायला मोकळा झालो.

मी बोट परत काढली. तीच, तुझ्या मामाच्या शेडात अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. तुला आवडणार नाही हे माहीत आहे, पण ऐकून तरी घे. तुझी आई गेल्यापासून ह्या दोन खोल्यांत मी एकटा. सकाळी भाकरी थापून होते, पेपर वाचून होतो, भांडी घासून होतात आणि घड्याळात बघावं तर साडेनऊ. शेजारचा हिंदुराव बाजारात मासे घालून परत आला की घटकाभर ओट्यावर टेकतो, पण त्याला त्याचा संसार आहे. एक दिवस मोटरीच्या पंपाशी मोठमोठ्यानं बोलत होतो आणि तेवढ्यात मागं हिंदुरावची सून उभी. दोघंही शरमलो. तेव्हा म्हटलं, हाताला काम पाहिजे, नाहीतर डोकं फिरायचं.

आठवतंय का, आमच्या कंपनीच्या मालकांनी ती बोट मुंबईच्या भंगारातून उचलली होती, बंगल्यापुढं शोभेला ठेवायला. मालकीणबाईंना ती काही पसंत पडली नाही म्हणून माझ्या गळ्यात आली. पोटाखाली पुढं एक आणि मागं एक असे दोन पोलादी पंख. वेग आला की पंख उचल घेतात आणि अख्खी बोट पाण्याबाहेर निघून नुसत्या पंखांवर पळते. लोक विचारायचे, नाना, खरंच उडती व्हय? तेव्हा अकरावीतली तू त्यांना वहीत चित्र काढून समजावायचीस. रविवारी बारामतीहून मोटरसायकलवर आपण तिघं इथं यायचो, आई मागं, तू मधे, आणि हत्यारांची पिशवी तुझ्या मांडीवर. दोन वर्षं खपलो आपण तिच्यावर. उन्हाळ्यात पहिल्यांदा उजनीच्या पाण्यावर ती उचलली त्या दिवशी तू काठावर नाचलीस आणि मी तुला दाखवायचं नाही म्हणून तोंड फिरवून डोळे पुसले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तर संक्रांतीनंतर काम काढलं. सगळी बोट खोलली, गंज काढला, फायबरच्या चिरा भरल्या, रंग दिला. माझी पद्धत तुला पाठ आहे, काढण्याआधी पंचनं ठोकून खूण मारायची आणि जसं निघालं तसंच बसवायचं. चौतीस वर्षं एमआयडीसीत तेच केलं, कधी एक नट उरला नाही. गेल्या महिन्यात पाण्यात सोडली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, पण बोट काही उचलेना. इंजिन जीव तोडून ओरडतंय आणि ही नाक पाण्यात खुपसून चाललीय, चिखलातल्या उसाच्या ट्रॉलीसारखी. हिंदुराव म्हणाला, इंजिन म्हातारं झालंय, तुमच्यावानी. त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

मग एकेक बघत गेलो. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, इंजिनचा दाब मोजला. सगळं चोख. मग बोट ढकलणाऱ्या मागच्या पंख्यावर संशय घेतला. त्याची पाती एकसारखी करून आणावीत म्हणून एसटीनं बारामतीला आमच्या जुन्या कंपनीत घेऊन गेलो. गेटवरच्या वॉचमननं वहीत नाव लिहायला लावलं आणि कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं. मला नावच सुचेना गं. माझ्या बरोबरचं आत कोणी राहिलंच नाही. एका परक्या पोरानं अर्ध्या तासात काम करून दिलं, चांगलं करून दिलं, पण मी कोण हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. परत येऊन पंखा लावला तर बोट तशीच. मग बोटीच्या तळाच्या फळ्या उचलल्या. खालचा फोम पाणी पिऊन फुगला होता, तो सगळा उपसून टाकला, साठ किलो तरी वजन उतरलं असेल. तरी तशीच. पंखांवर शेवाळ धरलं होतं ते खरवडलं. वेग थोडा वाढला, आणि वेग वाढला तसं नाक आणखी खाली गेलं. तिथं मी बोट काठाला आणली, कारण असं नाक खाली जाताना मी एकदाच पाहिलं होतं.

आता त्या दसऱ्याचं लिहितो. अकरा वर्षं आपण दोघं त्या दिवसाला वळसा घालून बोलतोय. आदल्या दिवशी खंडेनवमी. आईचा हट्ट, की हत्यारांना कुंकू लावताय तर पंखांनी काय पाप केलंय, ते पाण्याखाली असतात म्हणून काय झालं. मी दोन्ही पंख उतरवले, धुऊन पाटावर ठेवले, तिनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. दसऱ्याला सकाळी पाहुणे दारात आले तेव्हा मी घाईनं पंख परत चढवत होतो. नेहमी खूण बघून एकेक वस्तू हातात देणारी तू, तर तू आईबरोबर पुरणाला गुंतलेली. देवाच्या पूजेला काढलेल्या वस्तूवर पंच मारायला मन धजलं नव्हतं, म्हणून खूणही नव्हती. दुपारी मी सगळ्यांदेखत तुझ्या हातात स्टेअरिंग दिलं आणि आईला पुढं बसवलं. तू वेग दिलास आणि बोटीनं नाक पाण्यात घातलं. आई पुढच्या दांडीवर आदळली. तिचा उजवा हात कोपरातून मोडला तो पुन्हा सरळ झाला नाही, शेवटपर्यंत भाकरी डाव्या हातानं थापली तिनं.

काठावर आल्यावर तू मला एक वाक्य म्हणालीस, नाना, पुढचा पंख खाली ओढतोय. मी म्हणालो, पोरीच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं. पाहुण्यांसमोर म्हणालो, तुझ्या मामासमोर, हिंदुरावसमोर. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पुढं किती वर्षं मी हीच गोष्ट लग्नात, बारशात रंगवून सांगत आलो, आणि लोक हसायचे. तू बारावी झालीस आणि इंजिनिअरिंगचा फॉर्म न भरता कॉमर्सचा भरलास. का, हे मी विचारलं नाही. मला बरंच वाटलं होतं, आता खोटं कशाला लिहू. आई एवढंच म्हणायची, पोरीशी बोला एकदा. मी म्हणायचो, काय बोलायचं त्यात.

गेल्या महिन्याच्या शेवटी आईची ट्रंक उघडली. स्वेटर शोधत होतो. पैठणीच्या घडीत तुझी निळी वही निघाली. तू ती कचऱ्यात टाकली असणार आणि तिनं उचलून ठेवली असणार, कारण पानांना चहाचा डाग आहे. त्यात बोट पहिल्यांदा उडाली त्या दिवसाची तारीख आणि खाली पुढच्या पंखाचं चित्र. पंखाच्या बैठकीखाली ती करंगळीएवढी पितळी पाचर आहे ना, एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ, ती तू मापं घेऊन काढलीयस. शेजारी लिहिलंय, जाड बाजू पुढं, म्हणजे पंखाचं तोंड वर राहील. खाली दोन रेघा मारल्यात. मी वही घेऊन तसाच शेडात गेलो. जाड बाजू मागं होती. संक्रांतीनंतर खोलताना मी त्या उलट्या पाचरीवर इमानानं खूण मारली आणि जशी निघाली तशीच बसवली. पंखाचं तोंड खाली, त्यामुळं जितका वेग, तितका तो बोटीला खाली ओढणार. पाचर फिरवायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी बोट पाण्याबाहेर उचलली, अगदी हलकी, पार मोठ्या पाण्यापर्यंत गेलो. हिंदुराव काठावरून हात हलवत होता. मला काही आनंद झाला नाही. इंजिन बंद करून तिथंच मधोमध बसून राहिलो आणि रडलो.

तीन रविवार झाले, तुझा फोन येतो आणि मी ठरवतो आज सांगायचं. तू विचारतेस जेवलात का, मी म्हणतो जेवलो, आणि फोन संपतो. तोंडानं जमत नाही म्हणून हे पत्र. चूक माझी होती. पाचर मी उलटी बसवली, आणि काय बिघडलंय हे तू त्याच मिनिटाला बरोबर सांगितलं होतंस. हिंदुरावला, मामाला, त्या दिवशी काठावर होते त्यातल्या हयात असलेल्या प्रत्येकाला मी घरी जाऊन हे सांगून आलो. आईला सांगायचं राहिलं, ते आता कधीच व्हायचं नाही. माफ कर असं लिहायला पेन उचलतो, पण अकरा वर्षांपुढं तो शब्द फार स्वस्त वाटतो. पण एक गोष्ट तुला कळायलाच हवी. मशीन बिघडलं की आधी नटबोल्ट बघायचे, माणसाला बोल लावायचा नाही, हे मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं. त्या दिवशी स्टेअरिंगवर माझा मुलगा असता तर मी बाह्या सारून आधी पंख तपासला असता. तू होतीस, म्हणून मी तपासलाच नाही.

तुझाच,
नाना