लिंबाची वरली फांदी

माढा, बुधवार, दिवेलागण

व्हय रे बाबा, चालतंय की तुजं मशीन! पुण्यास्नं लेकाचा फोन आला, त्याला सांगितलं. त्यानं धाडलेली ही बॅटरीची करवत हातभर पण न्हाय. बटण दाबलं की घर्र, अन् अंगणातल्या कडूलिंबाच्या खालच्या फांद्या भुईवर. शेजारची शांता कुंपणावरनं म्हणाली, "म्हातारपणी लाकूडतोडी झालीस व्हय गं?" म्हणलं, "ये की हिकडं, तुजं नाक लई पुडं आलंय, छाटून देते."

हसलो दोघी. पण चहा उकळायच्या आत काम संपलं, अन् मग करमंना.

हे होते तवा ह्या लिंबाला अख्खा दिवस जायचा. हे कोयता घेऊन वर, मी खाली. "ती न्हाय, तिच्या वरली," म्हणत मी त्यांना पार शेंड्यापतोर चढवायची. वरनं वैतागायचे, "आगं, ह्या फांदीनं तुजं काय घोडं मारलंय?"

लेक म्हणत हुता, वरल्या फांदीला माणूस लावू का? नको म्हणलं. का नको, ते पोराला कसं सांगू?

ती वरली फांदी कदीच कुणाच्या आड आली न्हवती. घरात सासू-सासरे, डोईवर पदर, नवऱ्याकडं मान वर करून बघायची सोय न्हवती. झाडावर चढवला की दिवसभर बघता यायचं, तेबी चारचौघांसमोर. लई देखणा हुता माजा नवरा. मी त्याला बघायलाच वर चढवायची.