कॅरिबू नाल्यावरचा पूल

प्रति,
मा. विभागीय वनमार्ग अधिकारी,
वनमार्ग कार्यालय, स्प्रूस बेंड,
उत्तर ब्रिटिश कोलंबिया.

विषय : कॅरिबू नाल्यावरील लाकडी पूल कोणतीही सूचना न देता काढून टाकल्याबद्दल तक्रार.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. १२ सप्टेंबरचे उत्तर.

महोदय,

१. मी मूळची चिलीची. येथून दोन तासांवरील तांब्याच्या खाणीत वीजतंत्री म्हणून काम करते. दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी अशी आमची पाळी असते. सुट्टी लागताच बाकीचे कामगार विमानाने घरी जातात. माझे घर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असल्याने मी स्प्रूस बेंडमध्ये भाड्याच्या खोलीत राहते. आपल्या उत्तरात माझा उल्लेख 'तात्पुरत्या वास्तव्यास असलेली हौशी परदेशी व्यक्ती' असा आहे. तात्पुरती खरी, परदेशीही खरी. 'हौशी' या शब्दास मात्र माझी सक्त हरकत असून तिचे कारण पुढीलप्रमाणे.

२. पहिली सुट्टी मी खिडकीतून बाहेरच्या गाड्या बघत काढली. दुसऱ्या सुट्टीत कपडे धुण्याच्या दुकानात श्रीमती लॉर्ना प्रोकोपचुक भेटल्या. निवृत्त परिचारिका, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. "काय गं, सुतकात असल्यासारखी का बसलीस?" हे त्यांचे पहिले वाक्य. इथे माझ्या ओळखीचे कोणी नाही, असे मी सांगितले. "मग आम्ही काय मेलोय? शनिवारी डोंगरावर ये. पण कुदळ धरावी लागेल हं. आमच्यात आधी वाट खणायची, मग सायकल चालवायची." त्या शनिवारी मी दिवसभर दगड वाहिले. संध्याकाळी सुतारकाम करणारे आल्विन बर्गस्ट्रॉम यांनी आपली जुनी डोंगरी सायकल माझ्या हाती दिली आणि बजावले, "पडणार तू. पडलीस की रडायचं नाही." मी पडले. सगळे खो खो हसले. या देशात आल्यापासून माझ्यावर हसण्याइतके जवळ तोवर कोणी आलेच नव्हते. महोदय, याला हौस म्हणत नाहीत.

३. नाल्यावरचा पूल याच लोकांनी बांधला. आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांनी त्यास तोंडी होकार दिला होता. तो होकार कागदोपत्री आढळत नाही, असे आपण कळवता. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी आमच्यात बसून भाजलेला सॅमन मासा खाल्ला, तोही कागदोपत्री आढळणार नाही.

४. ऑगस्टमधल्या एका शनिवारी आपली माणसे आली, पूल करवतीने कापला आणि फळ्या गाडीत घालून नेल्या. पाटी लावली नाही. वरच्या वळणावर साधी दोरीही बांधली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्नाबाई पुढे आणि मी मागे, अशा आम्ही सायकलींवरून उतरत होतो. तिथला उतार असा आहे की पूल अगदी पुढ्यात आल्यावरच दिसतो. त्या ओरडल्या, "यास्ना, थांब! पूल नाही!" स्वतःला सावरायचा तेवढाच क्षण त्यांच्या हाती होता, तो त्यांनी माझ्यावर खर्च केला. मी थांबले. त्या खाली गेल्या. मांडीचे हाड मोडले, उजवे मनगट मोडले. बर्फासारख्या पाण्यात कमरेइतकी उभी राहून मी त्यांचे डोके वर धरून ठेवले. मागची मंडळी आल्यावर आम्ही जाकिटांची झोळी केली आणि त्यांना आळीपाळीने सबंध चढ चढून परत वर नेले, कारण गाडीरस्ता नाल्याच्या पलीकडे होता आणि पलीकडे जायला पूल नव्हता. "नीट धरा रे मेल्यांनो, मी बटाट्याचं पोतं नाही," असे त्या म्हणत होत्या. अर्ध्या वाटेवर त्यांचे बोलणे थांबले. तो उरलेला चढ मी विसरणार नाही. आपणही विसरू नये, म्हणून लिहिते आहे.

५. मी आपल्या कार्यालयात आले, तेव्हा खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, "बाई, तक्रार इथल्या रहिवाशाची लागते." रहिवासी रुग्णालयात आहेत, असे सांगितल्यावर, "मग बऱ्या झाल्या की येऊ द्या त्यांना." मग मी टपालाने तक्रार पाठवली, तिला आपले उत्तर आले, की पूल धोकादायक असल्याने काढण्यात आला. महोदय, पूल होता तोवर त्यावर कोणाचे नखही मोडले नव्हते! वर आपण माझ्या खाणीलाही पत्र धाडले. आमच्या मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितले, "सुट्टीत पत्ते खेळत बस. परक्या गावात भांडशील, तर कामाचा परवाना जाईल." परवाना जाण्याची मला भीती वाटते, हे लपवत नाही. तरीही खाली पूर्ण नावाने सही करते आहे.

६. तरी आपण स्वतः लॉर्नाबाईंच्या घरी जाऊन त्यांची माफी मागावी, वाटेला रीतसर मान्यता द्यावी आणि खाणीला पाठवलेले पत्र मागे घ्यावे.

७. पुलाबाबत मात्र काहीही मागणे नाही. गेल्या रविवारी आम्ही तो पुन्हा बांधला. गाडीरस्त्याच्या बाजूला चाकाच्या खुर्चीत बसून लॉर्नाबाई सर्वांना शिव्या घालत होत्या. आपली माणसे पुन्हा करवत घेऊन आली, तर त्यांना पूल रिकामा मिळणार नाही.

मान राखून, पण मान न झुकवता,

(सही)
यास्ना ओयार्सून
स्प्रूस बेंड, दि. ४ ऑक्टोबर

सोबत :
१) कापलेल्या पुलाची छायाचित्रे.
२) रुग्णालयाच्या दाखल्याची प्रत.
३) श्रीमती प्रोकोपचुक, रहिवासी, यांची स्वतंत्र तक्रार. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताने लिहिली आहे. शब्द त्यांचेच आहेत, सौम्य केलेले नाहीत.