टेकडीवरची हिरवी वर्तुळं

मिलर्स फ्लॅट,
१२ ऑगस्ट १९७८

चि. फर्गस यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मेंढ्या विणीला आल्यात, म्हणून थोडक्यात लिहिते. मागच्या टेकडीला गिऱ्हाईक आलंय. त्याला तिथं लाकडासाठी पाइनची झाडं लावायचीत. वकिलांनी आपल्या दोघांच्या सह्या मागितल्यात, पण माझा हात धजत नाही. बाबांना जाऊन वर्षही झालं नाही, आणि त्यांनी शेवटची वर्षं त्याच उतारावर घातली.

तुला त्यांची पहिली फजिती तेवढी आठवत असेल. खताच्या ढिगातली लाल गांडुळं बादल्या भरभरून टेकडीवर ओतली आणि सगळी मेली. लोकर कातरणाऱ्यांसमोर तू त्यांना गांडूळमास्तर म्हणालास. पुढे त्यांना कळलं, की काही गांडुळं वरच्या शेणाकचऱ्यातच जगतात, काही खोल बिळं करून राहतात, आणि टेकडीला हवी होती ती मधली, मुळांशी माती खात फिरणारी. ती नदीकाठच्या कुरणात होती, म्हणून तिथले गवताचे गड्डे गांडुळं-मातीसकट कापून बाबा वर नेत आणि पावलं मोजून ओळीत पालथे घालत राहिले. अजून काही दिसत नाही. तरी नोव्हेंबरपर्यंत, हा एक वसंत थांबूया, असं वाटतं.

ताईवरचा जीव कमी करू नकोस.
आयोना

इन्व्हरकार्गिल,
२० ऑगस्ट

ती. आयोनाताईस सा. न. वि. वि.

तूही बाबांच्याच वळणावर गेलीस म्हणायची. अगं, त्या टेकडीवर मेलेलं गवत कुजतसुद्धा नाही, कांबळ्यासारखं साचून राहतं. पाणी खाली उतरत नाही, मेंढ्या तोंड लावत नाहीत. मीही एक दिवस बाबांबरोबर गड्डे वाहिले, एक ओळ घातली, पाठ धरली तेवढीच. संध्याकाळी त्यांना म्हणालो, की किड्यांच्या भरवशावर शेती होत नसते. त्यांनी पुन्हा मला बोलावलं नाही. ते आठवलं की बरं वाटत नाही.

पण म्हणून ओसाड उतार सांभाळत बसायचं का? तू एकटी किती ओढशील? मी सही करून पाठवली आहे, तूही कर. रागावलीस तरी जर्दाळूचा मुरंबा मात्र पाठव.

तुझ्या मायेचा हक्कदार,
फर्गस

मिलर्स फ्लॅट,
५ नोव्हेंबर

चि. फर्गस यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी सही केली. थकले होते, म्हणून तुझं पटवून घेतलं. आता पस्तावते आहे. तुला एकट्याला बोल लावत नाही.

काल मेंढ्या खाली आणायला गेले, तर टेकडीवर हिरवी वर्तुळं उमटलेली. बाबांच्या प्रत्येक गड्ड्याभोवती एक, आणि साऱ्या मेंढ्या त्यांतच माना घालून उभ्या. फावडं घातलं, तर कांबळं गायब, खाली काळी भुसभुशीत माती आणि फिकट करडी गांडुळं. तशीच गिऱ्हाइकाकडे गेले. माणूस वाईट नाही. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, पण व्यवहार झालाय आणि रोपंही सांगून ठेवलीत, असं म्हणाला. येत्या जूनमध्ये, हिवाळा लागला की लावणी होईल. पाइन वाढले की खाली गवत राहणार नाही.

बाबांची पावलं आखूड, त्यामुळे त्यांची वर्तुळं जवळजवळ आहेत. मधली एकच ओळ लांब ढांगांची आहे. बाबांनी ती सारखी करून घेतली नाही, होती तशीच राहू दिली. ती तुझी ओळ, फर्गस. तीही तितकीच हिरवी आली आहे.

हिवाळ्याच्या आत येऊन बघून जा. मुरंबा तेव्हाच देईन.

वाट बघणारी,
तुझी ताई