नानांच्या घरावर माझी पाटी

१२ जानेवारी, रविवार
बँकेच्या लिलावात उमेळे गावातलं घर मला मिळालं. बोली लावणारा मी एकटाच. बाकीच्यांना अक्कल नाही.
घर रामचंद्रनानांचं. अकरा वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने होतो. हेमांगीच्या डोहाळजेवणाला, ऐन पंगतीत, या माणसाने पाण्याचा पंप बंद केला. चाळीस बायका उष्ट्या हातांनी बसून राहिल्या. तेव्हाच ठरवलं होतं, बघून घेईन. आता नानांचे हप्ते थकले, बँकेने घर विकायला काढलं. देव आहे.
नाना घरामागेच, त्यांच्या वहिनीच्या वाडीतल्या खोलीत राहायला गेलेत. रोज सकाळी माझी पाटी बघत दात घासतील.
प्लॅन: पंधरा दिवसांत रिपेअरिंग, मग भाडेकरू.

१९ जानेवारी
किल्ल्या मिळाल्या. हेमांगीने विचारलं, घर आतून बघितलं होतंस का? म्हटलं, तीन वर्षं राहिलोय. ती म्हणाली, वरच्या खोलीत.

२ फेब्रुवारी
कंत्राटदार पास्कलने भिंतीला बोट लावलं. बोट आत गेलं. वायरिंग, प्लास्टर, संडास, सगळं नवीन. दोन महिने.
ठीक. नानांची झोप मोडायची म्हणून पहाटे सहाला हातोडे सुरू करायला सांगितलं. पास्कल म्हणाला, सहाला मी चर्चमध्ये मिस्साला असतो, आणि नाना पाचलाच उठून झाडांना पाणी घालतात.

१६ फेब्रुवारी
आतलं काम चालू असतानाच घराला बाहेरून पोपटी रंग दिला. नानांच्या डोळ्यांत खुपावा म्हणून. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, प्रसन्न वाटतं. जळतात, पण दाखवत नाहीत. जाताना सगळ्या कामगारांना आणि मला वाडीतली केळी देऊन गेले. मी खाल्ली नाहीत. दोनच खाल्ली.

९ मार्च
पितळी पाटी लावली. प्रितेश चुरी. नाना चष्मा लावून वाचत होते. म्हणाले, अक्षर सुबक आहे. म्हणजे ओळखलं.
मला काही जास्त नको. त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं, प्रितेश, चुकलं माझं. मग सहा महिने भाडं नाही आलं तरी चालेल.

३० मार्च
भाडं नाहीच येत. जो येतो तो आधी पाण्याचं विचारतो. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. विहीर मागे वहिनीच्या वाडीत, आणि वाडी नानाच बघतात. घर घेतलं म्हणजे विहीर आलीच, असं मी धरून चाललो होतो. लिलावाच्या कागदात विहिरीचं नावही नाही. सात जण परत गेले.
निश्चय: मेलो तरी नानांकडे पाणी मागणार नाही.

३१ मार्च
मागितलं. म्हणजे हेमांगीने मागितलं, मी माडाआड उभा होतो. नाना लगेच म्हणाले, टाका पाइप. पैसे घेईनात. मुद्दाम करतात.

१३ एप्रिल
मेघना नावाच्या नर्सला घर आवडलं. अट एकच: पाण्याचं त्या बाबांनी समोर सांगावं आणि करारावर साक्षीदार म्हणून सही करावी. माझ्या शब्दाला किंमत नाही.
नाना धुतलेला सदरा घालून आले. मी आज सोडणार नव्हतो. सगळ्यांसमोर विचारलं, अकरा वर्षांपूर्वीचं डोहाळजेवण आठवतं? बंद केलेला पंप?
नानांनी बराच वेळ आठवून बघितलं. म्हणाले, वरच्या खोलीत किती कुटुंबं राहून गेली. पंप तर आठवड्याआड जळायचा. कुणाचे हाल झाले असतील तर माफी मागतो.
कुणाचे.
हेमांगीने त्यांना चहा दिला. वर बिस्किटंही. नानांनी ऐटीत सही केली, मालकाच्या रकान्यावर बोट ठेवून पेन माझ्याकडे दिलं, आणि अगदी आपुलकीने विचारलं, आपलं नाव काय म्हणालात?